हुंकार देणारा रूळ

मी एक जुना रुळाचा तुकडा आहे. मित्रांनो, जुन्या छत्रीची, जुन्या झाडाची, फाटक्या पुस्तकाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती सगळी गरीब स्वभावाची. शेवटी डोळे पुसतात आणि तुम्हाला आशीर्वाद देऊन गप्प बसतात. मी तसा नाही. मी लोखंड आहे आणि मी रागावलेलो आहे. कोणावर आणि का, तेच सांगायला बसलो आहे. मधूनमधून मी थांबेन. तेव्हा तुम्ही 'हूं' म्हणायचं. कळलं?

बघा. आत्ताच कोणी म्हटलं नाही.

असो. माझा जन्म एका मोठ्या भट्टीत झाला. लालबुंद असताना मला लाटून लांब केलं आणि बडनेऱ्याच्या यार्डात अंथरलं. माझ्यावरून कापसाच्या गाठींच्या मालगाड्या गेल्या, कोळशाच्या गेल्या, झोपलेल्या माणसांच्या गेल्या. गाडी वळणावर दिसायच्या आधीच मी गुणगुणायला लागायचो. यार्डातले खलाशी, म्हणजे रुळांवर काम करणारे मजूर, माझ्या अंगावर हात ठेवून सांगायचे, आली रे आली. म्हणजे बोलणं हे माझं जन्मापासूनचं काम आहे. मला कोणी स्पर्श केला आणि मी गप्प राहिलो असं कधी झालं नाही.

पुढे माझी कड झिजली. रूळ बदलले, मला कापलं. एका टोकाला बोल्टाचं भोक असलेला हातभर तुकडा उरला, तो मी. रिद्धपूरच्या रस्त्यावरच्या एका गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिथले शिपाई नत्थुजी यांचा साळा यार्डात खलाशी होता. त्यानं साहेबाला रीतसर विचारून मला मागून घेतलं आणि नत्थुजींनी मला एस.टी.च्या टपावरून गावात आणलं. भोकातून जाड तार ओवून मला शाळेच्या ओसरीत टांगलं आणि एका मोठ्या बोल्टानं ठोकलं. ठण्ण! त्या दिवसापासून मी शाळेची घंटा झालो.

काय मान होता माझा! सकाळी मी वाजलो की पोरं हातातली भाकर तोंडात कोंबून पळत सुटायची. शेतात निंदणाऱ्या बाया माझ्यावर दुपार ओळखायच्या. "सुट्टीची झाली वो, चाला, शिदोरी सोडा," असं एकमेकींना म्हणायच्या. शाळा सुटल्याची घंटा नत्थुजी जरा लांबवून वाजवायचे आणि त्या आवाजावर पोरांचा जो कल्ला व्हायचा, त्यात माझा आवाज बुडून जायचा. ते बुडणं मला आवडायचं. मी हाक मारायचो आणि मला ओ मिळायची. एवढंच तर पाहिजे असतं हो कोणालाही.

मग तो रोगाचा उन्हाळा आला. शाळा बंद झाली. नत्थुजी त्याआधीच निवृत्त झाले होते. माझ्यावर धूळ बसली, बोल्टाच्या भोकात गांधीलमाशीनं मातीचं घर केलं, कोणाची तरी बकरी रोज येऊन माझ्या खालच्या टोकाला शिंगं घासून जायची. मी त्याबद्दल रागावलो नाही. रोगराईपुढे कोणाचं चालतं? माझा राग पुढच्या गोष्टीचा आहे.

पावसाळ्याच्या तोंडी हुकूम आला की शिक्षकांनी शाळेत यायचं आणि पोरांनी घरी बसायचं. शाळा आता फोनवर भरणार. आमच्या लीलाबाई रोज यायला लागल्या. सहावी-सातवी त्यांच्याकडे होती. बाई म्हणजे अगदी हळू बोलणारं माणूस. पोथी वाचली तरी शेजारच्या खोलीत कळत नसे. माझ्या शेजारच्या खिडकीत दोन विटांच्या मध्ये त्या फोन उभा करायच्या आणि त्याच्यासमोर बसून शिकवायच्या. मी तिथंच टांगलेला होतो, म्हणून मला सगळं दिसायचं आणि ऐकू यायचं.

दिसायचं काय? काळे चौकोन. एकेका चौकोनात एकेक नाव. चेहरा कोणाचा नाही, कारण चेहरा दाखवला की नेट संपतं. आवाजही कोणाचा नाही. तो का नाही? कारण मुख्याध्यापक केशवरावांनी प्रशिक्षण घेतलं होतं.

"मॅडम," ते अमरावतीहून फोनवर म्हणाले होते, "वर्ग सुरू झाला की पहिलं काम, सगळ्यांना म्यूट करायचं. ते बटण असं आहे की तुम्ही उघडल्याशिवाय पोरांना आवाज करताच येत नाही. शिस्त दिसली पाहिजे. वर ऑफिसात वर्गाचा फोटो पाठवावा लागतो."

"पण मुलांनी उत्तर द्यायचं झालं तर, सर?"

"नंतर लिहून पाठवतील ना. गोंगाट नको."

बाईंनी ते ऐकलं. मोठ्यांचा शब्द मोडायचा नाही, हा त्यांचा स्वभाव. रोज त्या बटण दाबायच्या, फोटो काढायच्या आणि काळ्या चौकोनांना अपूर्णांक शिकवायच्या. "समजलं का बाळांनो?" असं विचारायच्या आणि थोडं थांबायच्या. कशासाठी थांबायच्या ते मला आजही कळत नाही. तोंडं तर त्यांनी स्वतःच बंद केली होती! हळूहळू चौकोन कमी होत गेले. जे राहिले, त्यांच्यामागे कोणी होतं की नव्हतं देव जाणे. मी माझ्या तारेवर जळत होतो. चौकोन दिसले म्हणजे शाळा भरली, हे कोणत्या शहाण्यानं ठरवलं? मी बंद पडलो तर गावाला कळतं. तीस लेकरं बंद पडली, ते कोणाला कळलं नाही.

चातुर्मास लागला. बाईंचा एक नेम होता. चार महिने रोज एक कहाणी सांगायची आणि मगच जेवायचं. मित्रांनो, तुमच्या घरी कहाणी सांगत असतील तर तुम्हाला ठाऊक असेल, ती एकट्यानं सांगता येत नाही. सांगणाऱ्याच्या मुठीत दाणे हवेत, ऐकणाऱ्याच्याही मुठीत दाणे हवेत आणि दर वाक्याला ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायला हवा. हुंकार थांबला की कहाणी थांबली. आणि सुरू केलेली कहाणी अर्धी सोडायची नाही, हा दंडक. दरवर्षी बाईंच्या घरमालकीण माणिकबाई ऐकायला बसायच्या. त्या वर्षी त्या लेकीकडे नागपूरला अडकल्या. बाई एकट्या. शेजारच्या बायांना बोलवावं तर रोगाची भीती.

मग बाईंनी काय केलं? सकाळी वर्गाच्या आधी त्या ओसरीत आल्या, माझं भोक पदरानं पुसलं, त्यात चार तांदूळ ठेवले आणि माझ्यासमोर पाट टाकून बसल्या. "तूच ऐक रे बाबा," म्हणाल्या. "आटपाट नगर होतं..." आणि बोटाच्या पेरानं माझ्यावर टक् केलं.

"हंऽऽ," मी म्हणालो.

"तिथं एक राणी होती." टक्. "हंऽऽ."

अशी रोज एक कहाणी. कुठल्या पोथीत आहे आणि कुठली बाईंच्या मनातली, मी विचारलं नाही. मला बरं वाटलं का? वाटलं. इतक्या महिन्यांनी कोणी बोट लावलं होतं. पण त्याहून राग जास्त आला. गावात तीस लेकरं बसलेली, सगळी कान टवकारून ऐकणारी, गोष्ट म्हटली की जीव टाकणारी. आणि बाईंना हुंकार द्यायला कोण? एक गंजका रूळ!

त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून चातुर्मास लांबला होता. एका सकाळी बाईंनी कहाणीला बसण्याआधीच फोन विटांमध्ये ठेवला आणि वर्ग उघडून ठेवला. पोरं यायला वेळ आहे, तोवर कहाणी उरकू, असा विचार. बटण दाबायचं राहून गेलं. बाई पाटावर बसल्या.

"आटपाट नगर होतं. तिथं एक माळीण होती. तिच्या मळ्यातली सगळी झाडं बोलायची, पण एक झाड बोलायचं नाही."

बाईंनी माझ्याकडे बोट नेलं. बोट माझ्यापर्यंत पोचायच्या आधीच आवाज आला.

"हूं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आता न वाजवता मी काही वाजत नाही. बाईंनी देवाचं नाव घेतलं आणि जपून पुढचं वाक्य म्हटलं, "माळीण रोज त्या झाडाला पाणी घालायची."

"हूं," फोन म्हणाला.

"कोण आहे?" बाई पाटावरून उठल्याच.

"मी नगमा, बाई. थांबू नका ना. माही दादी सांगे तं आमी असाच हुंकारा भरो. नाई भरला तं ते पांघरूण घेऊन झोपून जाये."

नगमा म्हणजे गादीवाल्या अय्युब पिंजाऱ्याची पोरगी. सातवीत. शाळा चालू होती तेव्हा वर्गात सगळ्यात आधी हिचा हात वर असायचा. पण फोनवर शाळा आल्यापासून तिचा चौकोन रोज यायचा आणि रोज मुका राहायचा.

"नगमा! अगं, तू इतके दिवस बोलत काहून नव्हतीस?"

"बोलत होती ना बाई. रोज बोलत होती. छेद, अंश, समदं सांगत होती. मंग कळलं का तुमाले आयकूच येत नाई. तुमीच आवाज बंद करून ठेवता. मंग मी बोलनं सोडून देल्लं."

मित्रांनो, मी आगगाडीचं वजन झेललं आहे. पण त्या वाक्याचं वजन मला झेपलं नाही. बाई खाली बसल्या. हातातले दाणे त्यांनी घट्ट धरले होते. त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारला नाही, रडल्या नाहीत. "नगमा, तुझ्याजवळ दाणे आहेत का काही?" एवढंच विचारलं.

"सरकी हाये. घरभर सरकीच हाये."

"घे मुठीत. पुढची कहाणी तू ऐक."

आणि बटण त्यांनी त्या दिवशी दाबलंच नाही. पोरं एकेक करून आत आली आणि प्रत्येकाच्या घरचा आवाज ओसरीत भरला. कुठं कुकरची शिट्टी, कुठं भांडण, कुठं मळणीयंत्र. बाईंनी हाक मारली, "गोपाल, आहेस का?"

"मेऽऽ," गोपालचा चौकोन म्हणाला.

गोपाल म्हणजे खुशालरावांचा पोरगा. तो फोन बकरीसमोर ठेवून कपाशीत पळून जायचा, हे तेव्हा उघड झालं. सगळे चौकोन एकदम हसायला लागले. किती महिन्यांनी ते हसणं ऐकलं मी! मला असं वाटलं की कोणीतरी माझ्यावर बोल्ट हाणला.

तेव्हापासून बाईंनी शिकवण्याची रीत बदलली. प्रत्येकानं मुठीत आपल्या घरचे दाणे घेऊन बसायचं. ज्याच्या घरी तूर असेल त्यानं तूर, ज्वारी असेल त्यानं ज्वारी. आधी कहाणी, मग त्याच कहाणीतून गणित. राणीच्या ताटात पाऊण भाकर, दारात तीन गोसावी, कोणाला किती? हुंकार पाळीपाळीनं द्यायचा, प्रत्येक वाक्य एकेकाच्या वाट्याला. म्हणजे झोपता येत नाही आणि पळताही येत नाही, कारण आपली पाळी चुकली तर सगळ्यांची गोष्ट अडते.

"गोपाल, तुझी पाळी. दाणे आहेत ना मुठीत?"

"होते बाई. शेंगदाने होते. गोष्ट लंबी झाली, संपले."

ज्यांच्या घरचं सोयाबीन त्या साली पावसानं झाडावरच कोंब फुटून गेलं होतं, त्यांची पोरं ते कोंब आलेले दाणेच मुठीत घेऊन बसायची. ज्यांना घरून कपाशी वेचायला नेलं होतं, ती तासातून, म्हणजे कपाशीच्या ओळींतूनच आवाज द्यायची. चौकोन परत वाढले. निम्म्या पोरांच्या घरी आजी, आई मागे येऊन बसायच्या आणि कधीकधी पोराच्या आधी आईच हूं म्हणून जायची.

केशवरावांना ते कळलं.

"मॅडम, हे काय ऐकतोय मी? वर्गात बकऱ्या ओरडतात म्हणे."

"हो सर," बाई हळू म्हणाल्या, "बकरी ओरडते. पण तिच्यामागे आता गोपाल असतो."

"पण शिस्त..."

"सर, घेतला वसा टाकू नये म्हणतात. शिकवायचा वसा मी तुमच्याही आधी घेतलाय. बटण मी दाबणार नाही. तुम्ही फोटो मागाल तर फोटो पाठवीन. फोटोत आवाज दिसत नाही."

मी इतका हललो की तार कुरकुरली.

आता इथंच गोष्ट संपली असती, तर मी रागावलेला राहिलो नसतो. पण मुके महिने आपलं काम करून गेले होते.

दसरा झाल्यावर एक दिवस वर्गाच्या शेवटी नगमा म्हणाली, "बाई, मी उद्या अकोल्याले चालली. जठारपेठेत, जहाँआरा खालाकडं. शिलाई शिकाले."

"अगं, आणि शाळा?"

"तिथं फोन नाई ना मले."

बाईंनी अय्युबला फोन लावला. माणूस रागीट नाही. पण बोलणं सरळ.

"अय्युबभाई, पोरीला असं मध्येच नका हो काढू."

"बाई, मध्येच काय? जूनपासून पाहून राहिलो मी. ते फोनकडं पाहे अन् फोन तिच्याकडं. तोंडातून लब्ज नाई. हे शाळा व्हय का? अन् आता गाद्यांचा सीझन लागला. गिऱ्हाईक फोन करते, फोन पोरीजवळ. मंग ते दुसऱ्याकडून गादी भरून घेते. घरात एकच फोन. खालाची मशीन चालते, पोरीचा हात चालीन. बस."

"आता ती बोलते हो. तुम्ही ऐकलंत का?"

"बाई, दिवसा कहाण्या सांगता म्हणे तुमी. आमची अम्मी म्हणे, दिवसा कहाणी सांगतली का मुसाफिर रस्ता भूलते. मी तं काही बोललो नाई. पन हे शिकवनं नोय."

दुसऱ्या दिवशी बाई उपाशीच आल्या. नेमाप्रमाणे कहाणीआधी अन्न नाही आणि आता कहाणी वर्गातच व्हायची. मुठीत दाणे घेऊन बसल्या.

"आटपाट नगर होतं. तिथं एक विहीर होती. हाक मारली की ओ द्यायची."

"होव," गोपाल म्हणाला. त्याचा हुंकार तसाच.

"एक दिवस विहिरीनं ओ देणं बंद केलं. लोक म्हणाले, आटली असेल. कोणी दोर टाकून पाहिला नाही." सहावीतल्या धर्मपालनं हुंकार दिला.

"मग राणी काठावर आली, आत वाकली आणि तिनं हाक मारली..."

हे वाक्य नगमाच्या वाट्याचं. बाई थांबल्या. चौकोन नाही. आवाज नाही.

"मी देऊ का बाई तिचा हुंकार?" गोपालनं विचारलं.

"नाही बाळा. दुसऱ्याचा चालत नाही."

"बाई, ते तं फाट्यावर गेली. काळीपिवळी जीपची वाट पाहून राहिली, अब्बूसंगं. गठुडं हाये तिच्या डोक्यावर. आमच्या वावरातून दिसते."

बाई उठल्या. मला वाटलं, आता बसतील आणि डोळ्याला पदर लावतील. त्यांनी खिडकीच्या वरच्या फळीवर हात घातला आणि नत्थुजींचा तो जड बोल्ट काढला. मित्रांनो, ती हळू बोलणारी बाई! तिनं मला असं हाणलं, असं हाणलं की बडनेऱ्याची सगळी वर्षं माझ्यात जागी झाली. ठण्ण! ठण्ण! शाळा भरल्याची घंटा! तिच्या मनात जो राग होता आणि माझ्या अंगात जो राग होता, ते दोन्ही एकाच आवाजात बाहेर पडले. शेतातल्या बाया उभ्या राहिल्या. कुत्री भुंकायला लागली. आणि पोरं! महिनोन् महिने ती हाक ऐकली नव्हती, तरी पाय विसरले नव्हते. कोणी कपाशीतून, कोणी गोठ्यातून, फोन हातात घेऊनच पळत आली आणि शाळेच्या आवारात लांब लांब उभी राहिली.

सगळ्यांच्या पुढे नगमा होती. गठुडं डोक्यावर तसंच.

मागून अय्युब धापा टाकत आला. "नगमा! अगं गाडी आली ना! घंटा वाजली का पयालीच हे पोरगी! बाई, काय लावलं हे? शाळा बंद अन् घंटा चालू?"

"अय्युबभाई," बाई बोल्ट हातातच धरून म्हणाल्या, आणि आवाज परत नेहमीसारखा हळू, "कहाणी अर्धी राहिली. अर्धी कहाणी सोडून कोणी गावाला जातं का? तुमच्या अम्मींनी जाऊ दिलं असतं?"

नगमानं गठुडं ओट्यावर ठेवलं. मूठ उघडून दाखवली. सरकी होती. येताना घेतली होती की जातानाच घेतली होती, कोण जाणे.

"पुढं सांगा, बाई."

बाई उन्हात उभ्या राहूनच सांगायला लागल्या. "राणी आत वाकली आणि तिनं हाक मारली."

"हूं."

"विहीर म्हणाली, मी रोज ओ देत होते. तुम्हीच वर झाकण ठेवलं होतं."

आता नगमाला हुंकार देता येईना. तिनं ओढणीत तोंड लपवलं. पोरं तिच्याकडे पाहत राहिली. बाईही थांबल्या. कहाणी तशीच अधांतरी.

"हूं," अय्युब म्हणाला.

तो काही मुद्दाम म्हणाला नाही. अम्मीची सवय. तोंडातून निघून गेलं. पण एकदा हुंकार दिला की शेवटापर्यंत बसावं लागतं, हे त्यालाही ठाऊक होतं. तो ओट्याच्या कडेला टेकला. कहाणी सुफळ संपूर्ण होईपर्यंत बसला. फाट्यावर काळीपिवळीनं दोनतीनदा हॉर्न दिला आणि ती निघून गेली.

"गेली गाडी," गोपाल म्हणाला.

"जाऊ दे," अय्युब म्हणाला. "अम्मी खोटं नोती बोलत. भूलला मुसाफिर रस्ता." मग बाईंकडे वळून, "पन फोनचं काय करू, बाई? माहं गिऱ्हाईक?"

"मी वर्ग भरताना घंटा वाजवीन. त्या घंटेपासून फोन पोरीचा. सुटल्याची वाजली की फोन तुमचा. मधला एक मिनिट जास्त घेणार नाही."

"अन् मधात फोन आला तं?"

"मी सांगीन ना," नगमा डोळे पुसत म्हणाली, "अब्बू कहाणी आयकून राहिले, थोड्या वेळानं करा."

अय्युब हसला. गठुडं त्यानं स्वतःच्या डोक्यावर घेतलं.

त्या दिवसापासून रोग जाईपर्यंत मी गावातल्या सगळ्या फोनांचा मालक झालो. मी वाजलो की बाप वावरातून फोन घेऊन घरी यायचे. दुसऱ्यांदा वाजलो की घेऊन जायचे. भांडणं मिटली असं नाही, पण वेळ ठरली. अभिमान वाटला का मला? वाटला. का वाटू नये?

मग शाळा उघडली. कोणा दात्यानं बटणाची घंटा दिली. ती किर्र करते. बाई निवृत्त झाल्या. मला तारेवरून काढलं आणि सातवीच्या वर्गाचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली अडसर लावून ठेवलं. नगमा आता मोर्शीला कॉलेजात जाते. मागच्या महिन्यात ती शाळेत आली होती. वाकली आणि बोटाच्या पेरानं माझ्यावर टक् केलं.

मित्रांनो, जमिनीवर पडलेलं लोखंड वाजत नाही. ते नुसतं टकटक करतं. जन्मात पहिल्यांदा मला कोणी हाक दिली आणि मला हुंकार देता आला नाही.

"कोणं ठेवला याले खाली?" नगमा शिपायावर ओरडली. "मुका केला ना त्याले! टांगा परत!"

"टांगू, ताई," तो म्हणाला. अजून टांगलेला नाही.

आता कळलं, मी का रागावलेलो आहे? दारात पडल्या पडल्या मी तुमचा वर्ग पाहतो. तुमच्यासमोर काळा चौकोन नाही, जिवंत बाई उभ्या आहेत. तुमचं बटण कोणी दाबलेलं नाही. त्या विचारतात, "समजलं का?" आणि तुम्ही खाली पाहता! माझा आवाज मला जमिनीवर टाकल्यानं गेला. तुमचा कशानं गेला? आणि शिकवणाऱ्यांनो, तुम्हालाही सांगतो, विचारून झाल्यावर थांबा. लेकरू बोलेपर्यंत थांबा. गोंगाटाला भिऊ नका. गोंगाटाच्या मागे कोणीतरी असतं.

मला तेल लावू नका, हार घालू नका. माझ्यातून तार ओवा आणि मला जमिनीवरून वर घ्या, म्हणजे मला परत ओ देता येईल. आणि तुम्हाला कोणी हाक मारली, मग ती फोनमधून असो की समोरून, तर मुठीत असतील ते दाणे घट्ट धरा आणि आपल्या पाळीला हुंकार द्या. दुसऱ्याचा चालत नाही.

कहाणी अर्धी सोडायची नसते, म्हणून शेवटपर्यंत सांगितली. आता पाळी तुमची. मी थांबलो आहे.